भाऊच्या अंगातली चांदी

भाऊचा चेहरा नेमका कुठल्या रंगाचा झाला आहे, हे मला अजून कुणाला धड सांगता आलेलं नाही. राखाडी म्हणावं तर त्यात निळा आहे, निळा म्हणावं तर तो पेन्सिलीच्या शिशासारखा चकाकतो. डोळे मिटले की तो चेहरा समोर येतो. मग त्याच्यामागून दुसरा विचार येतो आणि झोप उडते ती उडतेच. माझी मुलगी त्याच घरात राहते. त्याच घरातलं पाणी पिते.

भाऊ म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. पितळेच्या आणि तांब्याच्या वस्तूंना चांदीचा मुलामा देणं हा त्याचा धंदा, म्हणून सगळी गल्ली त्याला मुलामेवाले म्हणते. ट्रे, चमचे, शर्यतींचे करंडक, बँडवाल्यांचे बिगुल. खाली रस्त्यावर उघडणारं दुकान, त्याच्यामागे टाक्यांची खोली, आणि अरुंद जिना चढून वर राहायच्या दोन खोल्या. जिन्यात नेहमी धातूचा आणि ओल्या चिंध्यांचा वास.

लग्नाआधी मी तासन्तास त्या टाक्यांच्या खोलीत स्टुलावर बसायची. भाऊ चमचा तारेला टांगून टाकीत सोडायचा, बटण दाबायचा आणि माझ्याकडे बघून भुवया उडवायचा. टाकीतून निघते तेव्हा वस्तू चकचकीत नसते, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. ती दुधाच्या सायीसारखी पांढरी, मंद निघते. चमक नंतर चाकावर घासून येते. मला ती मंद पांढरी अवस्थाच आवडायची. भाऊ म्हणायचा, "छोटे, तू कधी गिऱ्हाईक होऊ नकोस, नाहीतर मी उपाशी मरेन."

जीभ अशीच होती त्याची. एकदा एक बाई सासरचे जुने चमचे घेऊन आल्या. म्हणाल्या, "जाड मुलामा द्या हो, सासूबाईंना ओळखू येता कामा नयेत." भाऊने चष्मा वर केला. "चमचे ना, का तुम्ही?" त्या बाई इतक्या हसल्या की पुढे वर्षानुवर्षं त्याच दुकानात येत राहिल्या.

वहिनीही तशीच. दोघं एकमेकांची खेचत जगले. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझ्या मुलीचे सगळे लाड तिथेच झाले. मग वहिनीचं एक साधं ऑपरेशन झालं आणि जखम चिघळली. औषधांमागून औषधं बदलली, जंतू कशालाच दाद देईनात. शेवटच्या दिवशी तिच्या ओठांभोवती आणि नखांवर एक राखाडी छटा उतरली होती. मी तिचा हात धरून बसले होते, त्यामुळे ती छटा मला नीट आठवते. भाऊ समोरच्या खुर्चीत होता. त्यालाही आठवत असणार.

त्यानंतर काही आठवड्यांनी बँडमास्तर बिगुल न्यायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, "अहो मुलामेवाले, चांदी जंतू मारते म्हणतात. मी चांदीचं पाणी घेतो रोज चमचाभर, सर्दीसुद्धा फिरकत नाही. तुमच्याकडे तर चांदीच चांदी." त्या माणसाच्या मनात काही नव्हतं. बिगुल घेऊन तो गेला. पण भाऊच्या डोक्यात ते वाक्य रुतून बसलं.

"माझ्या हाताशी होती गं," तो मला फोनवर म्हणाला होता. "आयुष्यभर हाताशी होती. आणि मी तिला दवाखान्यात नुसता बघत बसलो."

"भाऊ, असं काही नसतं रे. डॉक्टरांनी सगळं केलं."

"त्यांच्याकडे चांदी नव्हती."

मी विषय बदलला. दुःखात माणूस काहीबाही बोलतो, असं मला वाटलं.

बँडमास्तरने त्याला कृती सांगितली होती. काचेची बरणी, शुद्ध पाणी, चांदीच्या दोन तारा, बारीकशी बॅटरी. दुसऱ्या कुणी तसंच केलं असतं आणि कदाचित थोडक्यात निभावलं असतं. पण भाऊ मुलामेवाला. त्याच्या हाताला माहीत होतं की नुसत्या पाण्यात करंट धरत नाही, टाकीत क्षार घातल्याशिवाय धातू सुटत नाही. त्याने बरणीत चिमूटभर मीठ टाकलं. आणि पाणी गढूळ राखाडी होईपर्यंत थांबला, कारण फिकं पाणी म्हणजे कच्चं काम. बँडमास्तर चमचाभर घ्यायचा, भाऊ पेलाभर घेऊ लागला. रोज सकाळी, वहिनीच्या फोटोसमोर उभा राहून.

रंग हळूहळू चढला. रोज बघणाऱ्यांना तो दिसतच नाही. शेजारच्या शिंप्याने आधी थट्टेवारी नेलं. "मुलामेवाले, पावडर संपली म्हणून सिमेंट लावता की काय?" भाऊ म्हणाला, "तुझ्या मशीनचं तेल लावतो, फुकट मिळतं." मग शिंप्याने थट्टा करणं सोडलं, आणि थट्टा थांबल्यावरच भाऊला कळलं असावं की काहीतरी झालं आहे. नखांच्या बुडाशी असलेल्या अर्धचंद्रांवर निळसर झाक आली. हिरड्या काळवंडल्या. गल्लीतल्या पोरांचा खेळ तो जाईपर्यंत थांबायचा आणि तो वळणावर दिसेनासा झाला की परत सुरू व्हायचा.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मुलीला भाऊच्याच गावात एका विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली, भाऊने हट्टाने तिला स्वतःकडे ठेवून घेतलं, म्हणून मी तिला पोचवायला गेले. रिक्षातून उतरले तर दारात भाऊ उभा. भर दुपार होती, लख्ख ऊन. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो वहिनीचा शेवटच्या दिवसाचा रंग होता. तोच रंग, आणि तो रंग घेऊन माझा भाऊ हसत होता, पिशवी घ्यायला हात पुढे करत होता.

"ये छोटे. घाबरलीस ना? जरा ऊन लागलंय."

पिशवी देताना माझा हात त्याच्या हाताला लागला. हात गरम होता. मला वाटलं होतं तो गार असेल.

माझ्या मुलीने मात्र आठवड्याभरात त्याला वळण लावलं. ती त्याच्याबरोबर जेवायला बसू लागली, त्याला बाजारात ओढून नेऊ लागली. "मामा, तू शेजारी असलास की मला पावडर लावावी लागत नाही," असं त्याच्या तोंडावर म्हणायची, आणि तो कपाळाला हात लावून हसायचा. त्याच्या रंगाबद्दल सरळ बोलणारं त्या गल्लीत तेवढं एकच माणूस होतं. मी तिला फोनवर विचारायची, "भीती नाही वाटत?" ती म्हणायची, "आई, मामा आहे तो." फक्त एकदा म्हणाली, "संध्याकाळी दिवा न लावता बसलेला असतो, तेव्हा जरा दचकायला होतं."

मग बसथांब्याचा प्रसंग घडला. भाऊ तिला आणायला गेला होता, बाकावर बसल्या बसल्या त्याला डुलकी लागली. एका बाईने त्याचा चेहरा पाहिला आणि ती किंचाळली. कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावली. भाऊला जाग आली तेव्हा त्याच्या नाकावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि दोन माणसं त्याला उचलत होती. तो ओरडत होता, "अहो, मी जिवंत आहे, माझा रंगच असा आहे!" कुणी ऐकेना. दवाखान्यात रक्त काढलं तर ते चांगलं लालभडक. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या नखांकडे बराच वेळ पाहिलं आणि कातडीच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

मी तडक गेले. या वेळी भाऊला एकट्याने जाऊ देणार नव्हते. डॉक्टरीणबाई वयाने आमच्यापेक्षा लहान, बोलायला शांत. पहिल्या भेटीत त्यांनी भाऊच्या मानेवरच्या कातडीचा तांदळाएवढा तुकडा तपासायला पाठवला होता, त्याचं उत्तर आलं होतं.

"रोज किती घ्यायचात?"

"पेलाभर. घसा खवखवला तर दोन."

"आणि पाण्यात काय काय असायचं?"

"चांदी. आणि चिमूटभर मीठ, करंट धरायला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग कागद उलटा करून त्यावर पोट, आतडी आणि यकृत यांचं ओबडधोबड चित्र काढलं. मी कॉलेजात हे सगळं शिकले होते, तरी पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकत होते.

"तुम्ही प्यायलात त्यातली बहुतेक चांदी तशीच बाहेर गेली," त्या म्हणाल्या. "पोटातून आतड्यात आणि शौचावाटे बाहेर. थोडा भाग मात्र आतड्यातून रक्तात शिरतो. रक्तातली प्रथिनं त्याला धरून यकृतापर्यंत नेतात. यकृत त्यातला बराचसा पित्तात टाकतं, पित्त परत आतड्यात उतरतं, तिथून तोही बाहेर. लघवीतून अगदीच थोडी जाते."

"म्हणजे जातेच की," भाऊ म्हणाला. त्याला हायसं वाटलं होतं.

"थोडी घेतली असती तर बहुतेक गेली असती. तुम्ही रोज पेलाभर ओतत राहिलात. यकृताला उसंतच मिळाली नाही. दर दिवशी थोडी मागे राहिली, ती रक्ताबरोबर अंगभर फिरली आणि कातडीत जाऊन बसली. घामाच्या ग्रंथींभोवती, बारीक कणांच्या रूपात. तिथे तिला गंधक भेटतं, उजेड लागतो, आणि ती काळवंडते. पूर्वीचे फोटोचे कागद उजेडात काळे पडायचे, तसंच काहीसं. म्हणून तोंड आणि हात जास्त गडद."

"मग कातडीतली परत यकृताकडे कोण नेतं?"

"कुणी नेत नाही."

भाऊने स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले.

"आमच्याकडे एखादी वस्तू बिघडली," तो सावकाश म्हणाला, "तर आम्ही करंट उलटा देतो. चढलेली चांदी उतरून टाकीत येते. वस्तू कोरी."

"तुम्हाला उलटा करंट देता येत नाही हो."

"म्हणजे पक्का माल." तो हसला. आम्ही दोघी हसलो नाही. "आयुष्यभर लोकांचा माल बाहेरून चढवला बाई. स्वतःला आतून चढवून बसलो."

लेझरने कुणाकुणाचा रंग थोडा फिका होतो, पण भरवसा नाही, असं त्या म्हणाल्या. चांदी अंगातून खेचून काढायला औषधं दिली जातात, त्यांचा उपयोग होत नाही. ऊन टाळा, आणि ते पाणी आजपासून बंद. मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घ्या.

उठता उठता मी विचारलं, "घरात दुसऱ्या कुणी घेतलं तर?"

"कोण आहे घरात?"

"माझी मुलगी. ती थायरॉईडची गोळी घेते."

"मग तिला तर अजिबात नको. चांदी आतड्यातच त्या गोळीला धरून ठेवू शकते. माणसाला वाटतं आपण औषध घेतोय, आणि ते अंगी लागतच नाही."

"मी काय माझ्या भाचीला पाजीन होय?" भाऊ दुखावला. घरी गेल्यावर त्याने आमच्या देखत बरणी फोडली. तारांचे तुकडे केले. मुलीने टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं, आणि मी घरी परत आले.

रंग गेला नाही, जाणार नव्हताच. भाऊने दुकानाची पुढची फळी बंद ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक आलं की आतून बोलायचा. चाकावर घासायचं काम तो अर्धवट उजेडात करू लागला, आणि माझ्या मुलीने सांगितलं की चमकवलेले ट्रे तो लगेच कागदात गुंडाळून ठेवतो. त्यात स्वतःचं तोंड दिसू नये म्हणून, हे तिने सांगितलं नाही. मला कळलं.

हिवाळ्यात तिला ताप आला. चार दिवसांत उतरला. पण त्यानंतर ती बरी अशी झालीच नाही. फोनवर तिचा आवाज जड यायचा. केस गळतात, हातपाय गार पडतात, सुट्टीचा दिवस झोपण्यात जातो. थायरॉईडचा रिपोर्ट बिघडला. डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुढचा रिपोर्ट आणखी बिघडला.

"गोळी विसरत असशील," मी म्हणाले.

"नाही गं आई, शप्पथ. उठल्या उठल्या घेते. उशाशी ठेवलेली असते, फिल्टरचं पाणी पेलाभर आणि गोळी. मामाच भरून ठेवतो पेला."

"मग डॉक्टर बदल."

मी हे बोलले, पण त्या पेल्याचा संशय मला आला नाही. नोकरीचा ताण असेल, जागरण असेल, असं स्वतःला समजावत राहिले.

आज संध्याकाळी मी भाऊला फोन केला. तिची तब्येत हाच विषय. मी रडकुंडीला आले होते, आणि तो माझी समजूत घालत होता.

"छोटे, तू नको जिवाला लावून घेऊस. तिला काही होऊ देणार नाही मी. जे तुझ्या वहिनीच्या बाबतीत झालं ते तिच्या भाचीच्या बाबतीत होणार नाही. पाण्याची काळजी घेतोय मी."

"कसल्या पाण्याची?"

"तू जेवलीस का?" तो म्हणाला.

"भाऊ. कसल्या पाण्याची काळजी घेतोस?"

"अगं थोडंसंच. फिल्टरच्या खालच्या भांड्यात. ताप आला होता ना तिला, रात्रभर कण्हत होती, भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. मी खाली दुकानात जाऊन नव्या तारा काढल्या. मीठसुद्धा नाही घातलं या वेळी, पाणी अगदी फिकं. तिला चवही कळत नाही."

"भाऊ! डॉक्टर काय म्हणाल्या होत्या? माझ्यासमोर म्हणाल्या होत्या!"

"गोळीबरोबर नको म्हणाल्या. मला वाटलं, इतकं फिकं..." तो रडू लागला. मी त्याला वहिनीच्या वेळीही असं रडताना ऐकलं नव्हतं. "तिला सांगू नकोस गं. बंद करतो. आजपासून बंद. सगळं धुऊन काढतो. पण तिला नको सांगूस. ती निघून जाईल. ती गेली की या घरात मला माणूस म्हणून कोण बघणार?"

मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी हे लिहीत बसले आहे. लिहिलं की विचार एका रांगेत उभे राहतात, अशी माझी कॉलेजपासूनची सवय. आज ते राहत नाहीत. घरातले सगळे झोपले आहेत. माझ्या डोळ्यांसमोर त्या वरच्या खोल्या आहेत. एका खोलीत दिवा न लावता बसलेला भाऊ, ज्याच्याशेजारी बसमध्ये कुणी बसत नाही. दुसऱ्या खोलीत झोपलेली माझी मुलगी, आणि तिच्या उशाशी भरून ठेवलेला पेला.

भाऊ खोटं बोलत नाही. तो बंद करतो म्हणाला म्हणजे करेल. पण बरणी फोडली तेव्हाही तो खोटं बोलला नव्हता. मग एका रात्री ती कण्हली आणि भिंतीपलीकडे त्याला वहिनी ऐकू आली. पुन्हा ताप आला तर? त्याला ते दुसऱ्यांदा ऐकू आलं तर? त्याला मी दोष देऊ शकत नाही, आणि त्याच्या शब्दावर माझी पोरही सोडू शकत नाही.

मी डॉक्टरीणबाईंनी चित्र काढलेला तो कागद बाहेर काढला. भाऊने तो माझ्याकडेच दिला होता, मला नको म्हणाला होता. यकृताला उसंत मिळाली तर यकृत आपलं काम करतं. तिच्या अंगात अजून फार साठलं नसेल, पाणी फिकं होतं, महिनेही थोडे झाले. गोळी परत अंगी लागायला लागेल. पण ही उसंत सुरू कधी होणार? तिचं अंग कशाशी झगडतंय हे तिला माहीतच नाही. तिचे डॉक्टर गोळी वाढवत बसले आहेत, त्यांनाही माहीत नाही. आणि ती उठली की डोळे न उघडताच हात पेल्याकडे जातो.

मघाशी भाऊचा मेसेज आला. "झोपलीस का? सांगितलं नाहीस ना?" काय लिहू? ज्याने मला तारेला टांगलेला चमचा दाखवून भुवया उडवल्या, त्याला मी लिहू तरी काय.

ती कदाचित त्याच क्षणी बॅग भरेल. कदाचित नाही भरणार. ती माझ्यापेक्षा धीट आहे, त्याच्या रंगाला ती कधी भ्यायली नाही. त्याच्याकडे राहायचं की नाही, हे तिने ठरवायचं. त्याने तिच्या पाण्यात काय घातलं ते तिला न सांगता घातलं. मी न सांगता गप्प बसले तर तिच्यापासून लपवणारे आम्ही दोघं झालो.

भाऊला सकाळी फोन करीन. त्याच्याशी भांडेन, त्याच्यासाठी रडेन, गाडी पकडून त्याच्याकडे जाऊन राहीनसुद्धा. पण आधी तिला. ती झोपेत असेल, वैतागेल, "आई, किती वाजलेत" म्हणेल. म्हणू दे. पहिलं वाक्य माझं ठरलं आहे: उशाशी जो पेला आहे, तो ओतून दे. मग बाकीचं सगळं सांगेन, आणि मग म्हणेन, तुला शक्य असेल तर मामाच्या खोलीतला दिवा लाव.

मी फोन लावते.